धुरकऱ्याचे नाव

वऱ्हाडातील बैलाला वर्षातून दोनदा मान मिळतो, आणि हे दोन मान स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला पोळ्याचा. श्रावणी अमावास्येला बैल न्हाऊन-माखून, झूल पांघरून, बाशिंगे बांधून गावच्या तोरणाखाली येतात. परंतु त्या रांगेत पुढची जोडी कोणाची हे आधीच ठरलेले असते. ती मानाची जोडी. पाटलाच्या घरची, अथवा ज्या घराकडे हा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्या घरची. ती धष्टपुष्ट आहे की वर्षभराच्या राबणुकीने खंगलेली, हे कोणी पाहत नाही. तोरण तिच्यासाठी तुटते आणि मग बाकीच्यांना वाट मोकळी होते. दुसरा मान शंकरपटाचा. खरीप आटोपून कापसाचे पहिले वेचे घरात आले, ज्वारीची कणसे खळ्यावर पडली, की थंडीच्या दिवसांत एखाद्या मोकळ्या मैदानावर पट भरतो. तेथे पाटलाची जोडी आणि चार एकरांच्या धन्याची जोडी एकाच रेघेवर उभी राहते, आणि घड्याळ कोणाला कूळ विचारीत नाही. पोळ्याला मान जन्माने मिळतो, पटावर तो मिळवावा लागतो. गावगाड्याच्या सगळ्या जुन्या व्यवस्थेत हा दुसरा मान किती वेगळा आहे, याचा विचार आमच्या समाजशास्त्रज्ञांनी करावा तितका केलेला नाही.

पटाचे वर्णन करण्याचा या लेखात आमचा हेतू नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकांस ते आमच्याहून अधिक ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी दोन शब्द पुरेत. पुण्याकडच्या घाटातल्या शर्यतीत बैल चढणीवर गाडा ओढतात, पुढे घोडी पळते आणि गाड्यात माणूस नसतो. विदर्भाचा पट सपाटीवरचा आहे. सरळ, आखून दिलेली वाट, हलका छकडा, जुवाखाली दोन बैल, आणि छकड्यावर कासरे धरून, जवळजवळ बैलांच्या पाठीवरच ओणवा झालेला एक माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. सगळा मामला काही सेकंदांचा. पूर्वी हातातल्या घड्याळावर काम भागे; आता रेघेवर प्रकाशकिरणाचे यंत्र लावतात आणि सेकंदाचे शतांश भाग मोजतात. म्हणजे पट ही केवळ दुसऱ्या जोडीशी झुंज नाही, ती काळाशी झुंज आहे. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम म्हणून जगात ज्याचा गाजावाजा होतो, त्याच्याशी पटाचे गोत्र जुळते ते येथे.

आम्हांस परीक्षण करावयाचे आहे ते पटाचे नसून पटाविषयीच्या मजकुराचे. पटाचे निकालपत्रक हाही एक वाङ्मयप्रकार आहे असे आम्ही म्हटले तर वाचक हसतील. पण ज्या मजकुरात थोडक्या शब्दांत कोणाचे नाव ठेवावे आणि कोणाचे गाळावे याचा निर्णय केलेला असतो, तो मजकूर निर्मात्याची दृष्टी उघड करतोच. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर पटाची बातमी येते. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर आणखी कोण कोण बसले होते, यांची नावे तपशीलवार असतात. मग निकाल: अमुक गावच्या अमुक यांची जोडी प्रथम, तमुक यांची द्वितीय. बैलांची नावे कधी असतात, कधी नसतात. धुरकऱ्याचे नाव बहुधा नसते. ज्याच्या हातात कासरे होते, ज्याने रेघेवर बिथरलेली जोडी क्षणभर थोपवून नेमक्या घटकेला सोडली, ज्याच्या तोलावर छकडा उलटायचा वाचला, तो या मजकुराच्या लेखी मुळी मैदानावर नव्हताच. खुर्चीवर बसलेल्यांची नावे सहा आणि गाडीवर उभे राहिलेल्याचे एकही नाही, असे निकालपत्रक आम्ही वाङ्मय म्हणूनही सदोष मानतो. कारण त्यात कर्त्याचाच लोप आहे. व्याकरणात अशा रचनेला कर्मणी म्हणून सोडून देता येते. व्यवहारात तसे करणे बरे नव्हे.

मालकाचे नाव येते हे आम्हांस खटकत नाही. बैल मालकाचे, ढेप, सरकी, दूध यांचा खर्च त्याचा, हौसेला मोल नाही असे म्हणतात, पण हौसेची किंमत हौशी माणसाला चांगलीच मोजावी लागते. शिवाय विदर्भातल्या कित्येक पटांत मालकच धुरकरी असतो, किंवा त्याचा भाऊ, पुतण्या असतो. प्रश्न उरतो तो ज्या ठिकाणी ही दोन माणसे निराळी असतात तेथला. नामांकित धुरकऱ्याला दूरदूरच्या गावांहून बोलावणी येतात. आज या मालकाची जोडी, उद्या त्या मालकाची. पटाच्या शौकिनांमध्ये त्याची कीर्ती असते. ती तोंडातून कानात आणि कानातून तोंडात फिरते, कागदावर मात्र उतरत नाही. आणि जी कीर्ती कागदावर उतरत नाही ती माणूस म्हातारा होईपर्यंतही टिकत नाही, मग मागे कोठून राहणार!

आमच्या पूर्वजांची या बाबतीतली समज आजच्या बातमीदारांहून सूक्ष्म होती. वनपर्वातले नलोपाख्यान वाचकांच्या परिचयाचे आहे, पण ते आम्ही सुचवितो त्या अंगाने सहसा वाचले जात नाही. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला पोचते आणि एका दिवसात शंभर योजने तोडून विदर्भात पोचावयाचे असते. कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या काठचे आजचे कौंडिण्यपूर अशी परंपरा आहे. ही वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याची शीव होऊन वाहते. तेव्हा विदर्भाच्या भूमीवर नोंदला गेलेला वेगाचा पहिला विक्रम हाच, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. रथ ऋतुपर्णाचा, घोडे ऋतुपर्णाचे, आणि सारथी बाहुक नावाचा एक कुरूप सेवक. तो निवडतो ते घोडे दिसायला कृश. राजा त्यांस पाहून नाराज होतो. राजाला अंगलट दिसते, सारथ्याला लक्षणे कळतात. जुंपताना घोडे गुडघ्यांवर कोसळतात, तेव्हा बाहुक त्यांना चाबूक दाखवीत नाही, गोंजारून शांत करतो. मग रथ असा निघतो की वाटेत राजाचे उत्तरीय खाली पडते, तो ते उचलून आणावयास सांगतो, आणि सारथी उत्तर देतो की ते एव्हाना एक योजन मागे राहिले. वेगाचे इतके नेमके आणि इतके मिस्कील मोजमाप आमच्या प्राचीन वाङ्मयात दुसरे आम्हांस आठवत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रथ कुंडिनपुरात शिरतो. आजच्या निकालपत्रकाच्या रीतीने पाहिले तर बातमी सरळ आहे: अयोध्येचे महाराज ऋतुपर्ण यांचा रथ वेळेत दाखल. राजवाड्यात दमयंती रथाचा घोष ऐकते आणि तिच्या मनाची खात्री होते की हा रथ नलच हाकीत असला पाहिजे. रूप बदलले आहे, नाव बदलले आहे, मालक दुसरा आहे. तरी हाकण्याची कला लपत नाही. तिने ओळखले ते तोंड पाहून नव्हे, काम ऐकून. मान्यता म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या आम्हांस सापडलेली नाही. टाळ्या, फेटा, शाल, श्रीफळ ही सगळी मान्यतेची वस्त्रे झाली; मान्यता म्हणजे काम ऐकून कर्ता ओळखणारा जाणकार कान. असे कान प्रत्येक पटाच्या कुंपणापाशी शेकड्यांनी उभे असतात. छकड्याच्या धावेवरून आणि धुरकऱ्याच्या आरोळीवरून डोळे मिटून नाव सांगणारी म्हातारी माणसे वऱ्हाडात अद्याप आहेत. नसतो तो त्यांच्या कानाला जोडलेला कागद.

आता थोडे दूर जाऊ. जमिनीवरच्या वेगाची पहिली मान्य नोंद १८९८ सालची. डिसेंबरात पॅरिसजवळ आशेर येथे एका फ्रेंच सरदाराने विजेच्या गाडीतून ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेग गाठला. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे हा खेळ बहुतांशी श्रीमंतांचा होता. सर माल्कम कॅम्बेल यांनी १९३५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाटीवर ताशी ३०१ मैलांचा टप्पा गाठला. अशा गाड्या बांधावयास कारखाने आणि भांडवल लागे. परंतु त्याच सुमारास, १९३७ साली, कॅलिफोर्नियात काही हौशी तरुणांच्या मंडळांनी एकत्र येऊन वेळ मोजण्याची स्वतःची संस्था काढली. यांच्याजवळ कारखाने नव्हते. जुन्या मोटारी, पोटमाळ्यावरची हत्यारे आणि सुटीचे दिवस एवढेच होते. कोरड्या तळ्यांच्या तळावर ते गाड्या पळवीत आणि संस्था वेळ मोजी. १९४९ साली याच मंडळींनी बॉनव्हिलच्या मिठावर आपला वेग-सप्ताह भरविला, आणि त्याची परंपरा पुढे चालू राहिली.

या हौशी मंडळींनी वेगाच्या शास्त्रात काय भर घातली हे सांगणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. मान्यतेच्या शास्त्रात त्यांनी जी भर घातली ती मात्र आमच्या पटवाल्यांनी नीट पाहावी अशी आहे. त्यांनी वर्ग पाडले. इंजिनाचे आकारमान किती, सांगाडा कोणत्या घडणीचा, इंधन कोणते, अशा कसोट्यांवर शेकडो वर्ग. त्यामुळे लहान इंजिनाच्या जुन्या गाडीवाल्याला राक्षसी यंत्राशी झुंजावे लागत नाही. त्याच्याजोग्या गाड्यांमध्ये तो जगात पहिला ठरू शकतो. वर्ग इतके झाले की विक्रमाला किंमत उरली नाही, असा आक्षेप काही जण घेतात. त्यात तथ्य नाही असे नाही. ज्या वर्गात एकच गाडी उतरते तेथला पहिला क्रमांक म्हणजे ओसाड गावची पाटीलकी. तथापि वर्गाची कल्पनाच टाकून दिली तर उरतो तो पैशाचा एकच वर्ग, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आमच्याकडेही कित्येक पटांत खुला गट निराळा आणि गावचा वा तालुक्याचा गट निराळा ठेवतात. ही सोय शहाणपणाची आहे. पण पट जसा मोठा होतो, बक्षिसाची रक्कम जशी फुगते, तसा गावच्या गटाचा निकाल बातमीच्या शेवटच्या ओळीकडे सरकत जातो आणि जागा अपुरी पडली की तीच ओळ आधी कापली जाते.

दुसरी गोष्ट दोन दिशांची. जागतिक विक्रमाच्या नियमाप्रमाणे गाडीने एका तासाच्या आत तीच वाट उलटसुलट दोनदा धावावी लागते आणि दोन्ही वेगांची सरासरी मान्य होते. वारा पाठीशी असेल, वाट किंचित उतरती असेल, तर परतीच्या धावेत तो लाभ फिटतो. १९४७ च्या सप्टेंबरात जॉन कॉब या इंग्रजाने, जो पेशाने कातडी-लोकरीचा दलाल होता, एका दिशेने ताशी ४०३ मैल वेग गाठला. चारशेचा आकडा ओलांडणारा तो पहिला माणूस. परंतु दुसरी धाव कमी भरली, सरासरी ३९४ निघाली, आणि विक्रमाच्या रकान्यात ३९४ च लिहिले गेले. अशा कठोर हिशेबापुढे आम्ही आदराने मान लववितो. आमच्या पटावर एका गावची वाट दुसऱ्या गावच्या वाटेइतकी लांब असतेच असे नाही. कोठे काळी भुसभुशीत माती, कोठे मुरूम. कोठे जराशी चढण. तेव्हा एका पटावरच्या वेळेची दुसऱ्या पटावरच्या वेळेशी तुलना करणे म्हणजे दोन पायल्यांच्या वेगवेगळ्या मापांनी धान्य मोजणे. त्या त्या दिवसाचा विजेता कोण हे कळते. परंतु दहा वर्षांतली उत्तम धाव कोणती, या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय त्यातून होत नाही.

या मिठाच्या सपाटीवरचा सर्वांत लाडका हौशी माणूस म्हणजे न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गावचा बर्ट मन्रो. त्याच्याजवळ १९२० सालची ‘इंडियन’ कंपनीची मोटारसायकल होती. (ही कंपनी अमेरिकन, नावातला इंडियन आपल्यापैकी नव्हे.) कारखान्यातून निघाली तेव्हा ती ताशी ५५ मैलांच्या पुढे जात नसे. मन्रोने ती आपल्या छपरीत बसून चाळीसहून अधिक वर्षे घडविली. इंजिनाचे दट्टे जुन्या डब्यांत ओतून स्वतः तयार केले. मोडलेले भाग त्याने फडताळावर मांडून ठेवले होते आणि वर लिहिले होते की हे वेगाच्या देवाला अर्पण. आमच्या पटाच्या नावातच शंकर आहे, तेव्हा हा विनोद आणि त्यातली भक्ती दोन्ही वऱ्हाडी शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाहीत. १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्याने त्या मोटारसायकलीवर आपल्या वर्गात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला.

रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला आणि २००५ साली ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट. त्यात अँथनी हॉपकिन्स मन्रो झाले आहेत. चित्रपट गोड आहे. घरातल्या मुलांना खुशाल दाखवावा. पण टीकाकाराच्या नात्याने आमची त्याच्याविषयी एक तक्रार आहे. मन्रोच्या अनेक वर्षांतल्या अनेक खेपा दिग्दर्शकाने एकाच प्रवासात कोंबल्या आहेत. ही कवीची सूट आम्ही देऊ. न देण्याजोगी सूट पुढची. चित्रपटातला मन्रो बॉनव्हिलला पोचतो तो आगाऊ नोंदणी न करता. नियमाप्रमाणे त्याला परत पाठवावयास हवे. मग भोवतालच्या भल्या माणसांना त्याचा लळा लागतो, अधिकारी विरघळतात, आणि त्याला धावू दिले जाते. म्हणजे हौशी माणसाला मान्यता मिळते ती लोकांच्या दयाळूपणातून, असा चित्रपटाचा सूर आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणावयास हा सूर उपयोगी आहे खरा. पण मन्रोच्या आयुष्यातला, किंबहुना मरणोत्तर आयुष्यातला, सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग दयेचा नव्हता, अंकगणिताचा होता. तो १९७८ साली वारला. २०१४ साली असे ध्यानात आले की १९६७ च्या नोंदीत सरासरी काढताना बेरजेत चूक झाली होती. खरा वेग १८४.०८७ मैल होता. अमेरिकन मोटारसायकल संघाने नोंद दुरुस्त केली. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी मन्रोचा वेग अर्ध्या मैलाने वाढला! अर्धा मैल म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते सगळ्या चित्रपटापेक्षा तो अर्धा मैल मोठा आहे. कारण तो मिळाला याचा अर्थ असा की १९६७ च्या ऑगस्टात कोणा कारकुनाने मिठावर बसून दोन्ही धावांचे आकडे टिपून ठेवले होते, ते कागद सत्तेचाळीस वर्षे कोणी फेकले नव्हते, आणि मेलेल्या माणसाचाही हिशेब चुकता करण्याजोगा असतो असे मानणारी माणसे तेथे होती. डोनाल्डसन यांचा चित्रपट त्याआधीचा, म्हणून हा प्रसंग त्यात नाही हे खरे. परंतु ज्या दृष्टीने तो चित्रपट घडला आहे, त्या दृष्टीला हा प्रसंग दिसला असता की नाही याची आम्हांस शंका आहे.

आमच्या पटावर ध्वनिक्षेपकावरून जो समालोचक बोलतो तो याच चित्रपटाच्या जातीचा. त्याची वाणी रसाळ असते, उपमा ठेवणीतल्या असतात, वऱ्हाडीचा ठसका ऐकण्यासारखा असतो. पोळ्याच्या झडत्यांतला खट्याळपणा त्याच्या जिभेवर उतरलेला असतो. धुरकऱ्याचे नाव घेतो तो हाच, आणि ते प्रेमाने घेतो. पण संध्याकाळी कर्णा उतरला की ते नावही उतरते.

आता कायद्याचा मजकूर पाहू. कारण गेल्या काही वर्षांत शंकरपटावर सर्वांत गंभीर गद्य न्यायालयांतच लिहिले गेले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस तात्पुरती मोकळीक मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. २०१४ चा निर्णय वाचताना त्यातल्या करुणेने मन भारून जाते. बैल हा शरीराच्या घडणीने घोड्याप्रमाणे पळण्यासाठी नाही, त्यालाही भय आणि वेदना यांपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, हे त्यात बजावून सांगितले आहे. आणि ज्यांनी शेपटी पिरगाळलेली, तुतारी टोचलेली जोडी पाहिली आहे त्यांस ते नाकारता येणार नाही. २०२३ च्या निर्णयात परंपरेचा प्रश्न येतो व तो लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला जातो. एका मजकुरात बैल पीडित म्हणून येतो, दुसऱ्यात पट परंपरा म्हणून येतो. कला म्हणून, कौशल्य म्हणून तो कोठेच येत नाही. आणि धुरकरी आलाच तर संभाव्य आरोपी म्हणून येतो.

याचा दोष न्यायमूर्तींकडे जात नाही. पटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तरी कौशल्याचा पुरावा कोठे ठेवला होता? परंपरा आहे, हौस आहे, शेतकऱ्याची अस्मिता आहे, देशी गोवंश त्याने टिकतो, असे सर्व सांगितले गेले. परंतु अमुक धुरकरी बैलाला हातही न लावता, नुसत्या आवाजावर, इतक्या वर्षांत इतक्या जोड्या इतक्या वेळात घेऊन गेला, असे दाखविणारी एक वही पुढे ठेवता आली असती तर वादाचे स्वरूपच निराळे झाले असते. बाहुकाची कला घोड्याचे अंतःकरण जाणण्याची होती. चाबूक हे त्या कलेचे अपयश. नव्या नियमांनी टोचण्या-मारण्यास बंदी आहे. ती पाळणाऱ्याला मोडणाऱ्यापासून वेगळे कसे ओळखावयाचे? नावाशिवाय दुसरा उपाय नाही. निकालपत्रकात धुरकऱ्याचे नाव छापले म्हणजे श्रेय त्याच्या अंगाला लागते, तसाच दोषही लागतो. तुतारी लपवून नेणारा धुरकरी आज निनावी आहे, म्हणून निर्भय आहे. आणि न नेणाराही निनावी आहे, म्हणून त्याच्या संयमाला बाजारात भाव नाही. प्राणिमित्र आणि पटाचे शौकीन यांनी एकत्र बसून मागावी अशी एखादी गोष्ट असेल तर ती ही.

बैलाविषयी एक शब्द. मन्रोने आपल्या मोटारसायकलीला विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. बैलाला विचारण्याचे कारण आहे आणि विचारता येत नाही. ही अडचण कोणत्याही वहीने मिटणार नाही, आणि ती मिटल्याचा आव आणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्हांस बसावयाचे नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हा नावाचा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह आयुष्य संपविले, तेव्हापासून या जिल्ह्यातला शेतकरी वर्तमानपत्रात नावानिशी येतो तो बहुधा एकाच प्रकारच्या बातमीत. त्या बातमीत त्याचे पूर्ण नाव असते, वय असते, गाव असते, डोक्यावर कर्ज किती होते तेही असते. मेलेल्याची एवढी बिनचूक नोंद करणाऱ्या लेखणीला जिवंत माणसाने मैदान मारले त्या दिवशी त्याचे नाव लिहिण्याचा कंटाळा यावा, हे आम्हांस फार लागते. पटाने कर्ज फिटत नाही; उलट हौसेपायी ते वाढल्याचीही उदाहरणे असतील. तरीही ज्या काळ्या जमिनीत कापूस दगा देतो, तिच्यावरच काही सेकंद असे येतात की तेथे पावसाचे, भावाचे आणि सावकाराचे काही चालत नाही. त्या सेकंदांचा तरी जमाखर्च ठेवला पाहिजे.

यवतमाळच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे कृषक सुधार मंडळाचा जुना व नामांकित पट भरतो. तेथे स्त्रियाही कासरे हाती घेऊन उतरतात. ज्यांस हे नवीन वाटेल त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले मुद्गलाचे सूक्त पाहावे. त्याच्या अर्थाविषयी पंडितांत पुष्कळ वाद आहे. ती शर्यत की गाईंसाठी झालेली झुंज, हेही निश्चित नाही. परंतु रथाला बैल जुंपलेला आहे आणि सारथ्य मुद्गलानी करीत आहे, एवढे त्यात स्वच्छ आहे. सूक्तकाराने त्या जुंपलेल्या बैलाचे कौतुक केले, आणि हाकणारीचेही नाव गाळले नाही.

तळेगावच्या स्त्रियांच्या बाबतीत वर्तमानपत्रेही हा नियम पाळतात. बाई कासरे धरते याची त्यांना अपूर्वाई वाटते, म्हणून तिचे छायाचित्र येते आणि खाली तिचे नाव, गाव, कधी शिक्षणही छापले जाते. त्याच पानावर, बहुधा त्याच रकान्यात, पुरुषांच्या गटाचा निकाल असतो. तेथे मालकांची नावे क्रमाने दिलेली असतात.